पिल्लं भिजवतंय कोण?

सोमवार, ३ मार्च

बदकाची चार पिल्लं घरात आली आहेत. मी आणलेली नाहीत हे आधीच लिहून ठेवते, म्हणजे उद्या कुणी माझ्या नावावर खपवायला नको.

सकाळी तळ्याकडच्या रस्त्यावर कुणा मेल्याने बदकीण गाडीखाली घातली आणि पसार झाला. पिल्लं तिच्याभोवती ओरडत होती. एकाचा पाय वाकडा, एकाच्या पाठीची कातडी सोललेली, दोन धडधाकट. मी म्हटलं, कुणीतरी येईल, बघेल. पण मास्तर ऐकतात होय? खाली बसले, चौघांना टोपीत घेतलं आणि चालायलासुद्धा लागले. तेही घराच्या उलट्या दिशेला. इतके पाघळले होते.

मास्तर म्हणजे माझे यजमान. शाळेतले नव्हेत, तरणतलावावरचे मास्तर. अर्ध्या शहराला त्यांनी पोहायला शिकवलं. अजूनही रस्त्यात एखादा टक्कल पडलेला गृहस्थ थांबतो आणि विचारतो, "मास्तर, ओळखलंत का?" मास्तर म्हणतात, "वा वा, कसा आहेस!" नाव घेत नाहीत. एवढ्या पोरांची नावं कुणाच्या ध्यानात राहणार!

तडक प्राण्यांच्या डॉक्टरकडे गेलो. डॉक्टर म्हणजे चष्मा लावलेली एक मुलगी, आमच्या लेकीपेक्षाही लहान. तिने लंगड्याच्या पायाला काडीचा आधार देऊन पट्टी बांधली, सोललेल्या पाठीला मलम लावलं आणि पैसे घ्यायला नाही म्हणाली. फुकट काम करणारं माणूस मला आयुष्यात कधी सरळ भेटलेलं नाही. हिच्यावर लक्ष ठेवायला हवं.

तिने सांगितलं ते असं: खोक्यात जुने टॉवेल, वर बल्बची ऊब. कोंबडीच्या पिल्लांचा भरडा पाण्यात कालवून द्यायचा. पाव अजिबात नाही. पाणी बशीत, तेही खडे घालून, म्हणजे चोच बुडेल पण अंग भिजणार नाही. आणि मुख्य म्हणजे पाण्यात सोडायची नाहीत. मी म्हटलं, "अहो, बदकं आहेत ना ही?" तर म्हणाली, आईच्या पिसांचं तेल पिल्लांच्या अंगाला लागतं, म्हणून पाणी निथळून जातं. आई नाही तर तेल नाही. भिजली की चिंब होतात आणि गारठून मरतात. अंगावर नीट पिसं येईपर्यंत कोरडी ठेवा.

मास्तर मान डोलवत ऐकत होते. बाहेर आल्यावर मला म्हणाले, "हुशार पोरगी आहे. काय म्हणाली?"

सगळं लक्ष टोपीतल्या पिल्लांकडे, दुसरं काय!

मंगळवार, ४ मार्च

खोकं मागच्या खोलीत ठेवलंय, कपडे धुवायच्या यंत्राशेजारी. खोकंही त्याच यंत्राचं. शेजारी न्हाणीघर, पलीकडे मागचं दार. दोन ठिकाणांहून कुणीही आत येऊ शकतं, ही जागा मला पसंत नाही, पण बल्बची वायर तिथेच पोचते.

मास्तरांनी नावं ठेवली. पहिली लेन, दुसरी लेन, तिसरी लेन, चौथी लेन. मी म्हटलं, "अहो, ही काय नावं झाली?" तर म्हणे, "लेनवरून पोर लगेच कळतं." कप्पाळ! मी आपलं लंगडं, खपल्या, चोमडं आणि भित्रं म्हणते. चोमडं माझ्या पायाची करंगळी चावतं. मला लळा वगैरे लावून घ्यायचा नाहीये.

कामाला येणाऱ्या मावशी खोक्यात डोकावून म्हणाल्या, "अगंबाई, किती गोड!" आमच्याकडे त्या वर्षानुवर्षं येतात, पण गोड हा शब्द त्यांच्या तोंडून मी पहिल्यांदाच ऐकला. त्यांच्याकडे कोंबड्या आहेत, हे मला ठाऊक आहे. आणि भरड्याची पिशवी उघड्यावर आहे.

गुरुवार, ६ मार्च

म्हटलं नव्हतं? भरड्याची पिशवी निम्म्याच्या खाली गेली. चार मुठीएवढी पिल्लं एवढं खातील? खाल्लं असतं तर ती आत्तापर्यंत शहामृगं झाली असती.

मी बसमध्ये तिकिटं तपासण्याची नोकरी केली. साध्या कपड्यांत मागच्या दाराने चढायचं आणि कुणाच्या चेहऱ्याकडे बघायचं नाही, हातांकडे बघायचं. ज्याच्याकडे तिकीट नाही त्याचे हात आधी हलतात. आज मावशींच्या हातांकडे बघत बसले. भांडी घासत होत्या, हात हलणारच. काही निष्पन्न झालं नाही.

मास्तर म्हणाले, "पिल्लांना सकाळपासून काही दिलं नाहीस का? भुकेली दिसतात." मी स्वतः वाटी भरून दिलं होतं. म्हणजे वाटीतलंसुद्धा कुणीतरी उचलतंय!

शनिवार, ८ मार्च

खोक्यात पावाचे तुकडे सापडले. पावाने पिल्लांचं पोट फुगतं, म्हणून डॉक्टरने बजावून सांगितलंय. मी मावशींना विचारलं, त्या नाही म्हणाल्या. मास्तरांना विचारलं, त्यांनी तर हात कोपरापर्यंत झटकले. "पाव? मी कशाला देईन? डॉक्टरने नको सांगितलंय ना!" मास्तर खोटं बोलत नाहीत. त्यांना ते जमतच नाही, कान लाल होतात. आज कान अगदी नेहमीसारखे होते.

राहता राहिली वरच्या मजल्यावरची मांजरवाली. एकटीच राहते, तीन मांजरं पाळलीत, दिवसभर खिडकीत उभी. पिल्लं आल्यापासून तिची मांजरं आमच्या मागच्या दाराशी बसून असतात. पाव टाकून पिल्लांना दाराकडे ओढायचं, मग मांजरांनी पुढचं बघायचं, असा डाव असू शकतो. पाव दाराबाहेरून थेट खोक्यात कसा पडला हे मात्र जुळत नाही.

घराच्या किल्ल्या सापडत नव्हत्या. शोधशोध शोधलं. फ्रिजमध्ये, लोण्याच्या डब्यामागे! मावशींनी टेबल पुसताना कुठल्या कुठे ठेवल्या असणार. त्यांचं हल्ली कामात चित्त नाही. मास्तर तर एवढे वैतागले की दोन तास कुणाशी बोलले नाहीत.

रविवार, ९ मार्च

लेकीचा फोन. दर रविवारी येतो, पण हल्ली सुरुवात अशी: "आई, बाबा कसे आहेत?" आधी विचारायची, तू कशी आहेस. मी पिल्लांचं सांगत होते, भरड्याचं, पावाचं, किल्ल्यांचं. ती मधेच म्हणाली, "आई, एकदा बाबांना डॉक्टरांना दाखवून घे ना."

"कशाला? ठणठणीत आहेत. माझ्यापेक्षा दुप्पट चालतात."

"तसं नाही गं. तुला काहीच वेगळं वाटत नाही?"

"मला सगळंच वेगळं वाटतंय. घरात चोर शिरलाय."

 ती म्हणाली, "मी येऊ का थोडे दिवस?" सुट्टी नाही, सण नाही, समारंभ नाही, आणि ही येणार! मागच्या वेळी आली तेव्हा विचारत होती, घराचे कागद कुठे आहेत. आपलीच पोर, पण काहीतरी शिजतंय. मी म्हटलं, पिल्लांमुळे घरात जागा नाही.

मंगळवार, ११ मार्च

आज भयंकर झालं. दुपारी भाजी घेऊन आले आणि खोक्यात बघते तर चारही पिल्लं ओलीचिंब! चोच हलवायचं त्राण नाही. लंगड्याच्या पायाची पट्टी भिजून लोंबत होती. टॉवेलात गुंडाळली, बल्ब खाली ओढला, केस वाळवायचं यंत्र लांब धरून वाळवलं. भित्रं माझ्या तळहातात थरथरत होतं. तासाभराने चोमड्याने करंगळी चावली तेव्हा जीव भांड्यात पडला.

मास्तर बाहेरच्या खोलीत वर्तमानपत्र वाचत होते. "कुणी आलं होतं का?" तर म्हणाले, "नाही गं, मी इथेच बसलोय." आणि शर्टाच्या बाह्या कोपरापर्यंत ओल्या. मी विचारलं तर स्वतःच बाह्यांकडे बघत राहिले. "हात धुतले असतील," म्हणाले.

खोकं मागे, मास्तर पुढे. कुणी मागच्या दाराने येऊन डाव साधला असेल तर त्यांना कसं कळणार? दाराची कडी नीट बसत नाहीच. मुद्दाम भिजवली आहेत, हे उघड आहे. पिल्लांना काय केलं की ती मरतात हे ज्याला माहीत आहे, त्याचंच हे काम. म्हणजे डॉक्टर, मास्तर, मी, आणि मावशी, कारण त्यांना मी सांगितलं होतं. मांजरवालीलाही जिन्यात सांगितलं होतं, खरं तर जरा जास्तच सांगितलं.

गुरुवार, १३ मार्च

खपल्या गेलं.

परत भिजवलं कुणीतरी. मी फक्त औषधाच्या दुकानात जाऊन आले. बाकीची तिघं एकमेकांना चिकटून बसली होती आणि खपल्या बाजूला, मान टाकून. पाठीची खपली धरत आली होती. गुलाबी कातडीवर नवीन लव दिसायला लागली होती, मी सकाळीच मास्तरांना दाखवली होती.

मी रडले. लळा लावून घ्यायचा नाही वगैरे सगळं वाहून गेलं. मास्तरही रडले, माझ्याहून जास्त. अंगणात खड्डा करून पुरलं तेव्हा म्हणाले, "माझ्या तलावावर एकही पोर बुडालं नाही कधी. एकही नाही." मी म्हटलं, "अहो, तुमचा काय दोष?" तर माझ्याकडे असे बघत राहिले की माझंच काहीतरी चुकलं असावं.

शुक्रवार, १४ मार्च

मावशींना काढून टाकलं. स्पष्टच विचारलं, पिल्लं तुम्ही भिजवलीत का? भांडं हातातलं खाली ठेवून त्या उभ्या राहिल्या.

"काकू, मी सकाळी येते आणि सकाळीच जाते. पिल्लं भिजतात दुपारी."

"तुमच्याकडे मागच्या दाराची किल्ली आहे."

त्यांनी किल्ली काढून ओट्यावर ठेवली. "काकू, मला काढा, पण जरा घरात बघा. मी काकांबद्दल काही बोलणार नाही, तुम्हाला पण वाईट वाटायला नको. पण बघा."

"काकांचं काय मध्येच?"

"काही नाही. येते मी." आणि गेल्या. जाताना खोक्यापाशी वाकून भित्र्याच्या डोक्यावरून बोट फिरवलं.

आपल्यावर आलं की दुसऱ्याकडे बोट दाखवायचं, ही पद्धत मी बसमध्ये रोज पाहिली आहे. म्हणे घरात बघा! घरात आहोत आम्ही दोघं.

शनिवार, १५ मार्च

मांजरवालीशी जिन्यात वाजलं. मी म्हटलं, तुमची मांजरं आवरा. ती म्हणाली, मांजर पिल्लाला खाईल, आंघोळ घालणार नाही. मुद्दा बिनतोड होता, म्हणून मी विषय बदलला आणि खिडकीत उभं राहण्याबद्दल बोलले. त्यावर ती जरा नरमाईने म्हणाली, "रागावू नका, पण मास्तर मागच्या आठवड्यात आमच्या दारात उभे होते. कुलपाला किल्ली लावत होते. मी दार उघडलं तर मला म्हणाले, तुम्ही आमच्या घरात काय करताय?"

ऐका! म्हणे तिच्या दाराला किल्ली लावत होते! एकट्या बाईला काय काय सुचतं. मास्तरांना घरी येऊन विचारलं तर ते हसले. "मी कशाला जाईन वरती? मला मांजराच्या केसांनी शिंका येतात." हे मात्र खरं आहे.

पण मजला चुकणं मीही समजू शकते. मजले सगळे सारखेच तर दिसतात.

सोमवार, १७ मार्च

उद्या मी सापळा लावणार आहे. तीस वर्षं केलेलं काम आहे हे, विसरलेले नाही. सगळ्यांना ऐकू जाईल असं सांगायचं की मी बाहेर चालले आणि उशीर होईल. जिन्यात मोठ्याने बोलायचं, म्हणजे वर ऐकू जाईल. मावशींची बहीण कोपऱ्यावरच्या दुकानात असते, तिथेही सांगायचं. चष्मेवालीला फोन करून कळवायचं, औषध न्यायला आज जमणार नाही, बाहेर आहे. मग वळसा घालून मागच्या अंगणातून यायचं. चोर रंगेहाथ पकडायचा, मग तो कुणीही असो.

मास्तरांनाही एवढंच सांगायचं की जरा बँकेत जाऊन येते. त्यांना खरं सांगितलं तर त्यांचे कान चुगली करतील.

मंगळवार, १८ मार्च

लिहायचं नव्हतं. पण लिहिलं नाही तर उद्या मीच म्हणेन की असं काही झालंच नाही.

ठरल्याप्रमाणे निघाले, ठरल्याप्रमाणे मागून आले. मागच्या दाराला कुलूप होतं, मी माझ्या किल्लीने उघडलं. खोकं रिकामं. न्हाणीघरातून आवाज येत होता. आधी पाण्याचा, मग मास्तरांचा. तलावावरचा आवाज. निवृत्त झाल्यापासून तो आवाज मी ऐकला नव्हता. मोठा, पण रागावलेला नाही, लांबच्या टोकाला ऐकू जावा असा.

"शाब्बास! पाय मार, पाय! हनुवटी वर!"

दार अर्धवट उघडं होतं. मोठा टब भरलेला. चोमडं आणि भित्रं गोल गोल फिरत होती. मास्तर टबाशी गुडघ्यांवर बसले होते, बाह्या वर केलेल्या, आणि लंगड्याला तळहातावर पालथं धरून पाण्यात पुढे पुढे नेत होते. दोन बोटं त्याच्या पोटाखाली. आमच्या लेकीला त्यांनी अशीच शिकवली होती. "मी हात काढणार नाही," ते त्याला सांगत होते. "घाबरायचं काही कारण नाही. मास्तर कधी सांगितल्याशिवाय हात काढत नाहीत."

 "अहो!" मी म्हटलं. एवढंच निघालं तोंडातून.

त्यांनी वळून पाहिलं. चेहरा इतका प्रसन्न की मी कित्येक महिन्यांत तसा पाहिलेला नाही. आणि परक्या बाईशी बोलतात तितक्या अदबीने म्हणाले, "मॅडम, पालकांनी बाहेर थांबायचं. पोर तुमच्याकडे बघत राहतं आणि मग पाय मारत नाही."

मी म्हटलं, "माफ करा." आणि बाहेर आले. दार लोटून घेतलं. कपड्यांच्या टोपलीवर बसून राहिले. आतून आवाज येत होता, "अजून एक चक्कर, मग सुट्टी." मला उठून पिल्लं ओढून घ्यायला हवी होती. गारठतील, मरतील, सगळं कळत होतं. पण मी पालक होते आणि पालकांनी बाहेर थांबायचं होतं.

फार वेळ नाही झाला. ते बाहेर आले. टॉवेलात तिन्ही पिल्लं, थबथबलेली. आता आवाज घरातला होता, चेहरा उतरलेला आणि घाबरलेला. "अगं, कधी आलीस? हे बघ ना, कुणी भिजवली ही? परत भिजवली कुणीतरी!"

आयुष्यभर मी लोकांना विचारत आले, कुणी केलं, कुणी केलं. आज कुणीतरी मला विचारत होतं.

"मी भिजवली," म्हटलं.

"तू?"

"हो. घाण झाली होती. आणा इकडे, पुसून घेऊ."

"डॉक्टरने नको सांगितलंय ना गं," ते म्हणाले. रागावले नाहीत. शेजारी बसून भित्र्याचे पाय एकेक करून पुसत राहिले. तिन्ही जगली.

बुधवार, १९ मार्च

दिवसभर मागचं सगळं आठवत बसले. भरडा, पाव, फ्रिज, मांजरवालीचं दार. एखादा प्रवासी रोज माझ्यासमोर बसून जावा आणि मी एकदाही त्याच्याकडे तिकीट मागू नये, असं झालं. आणि बाकी सगळ्या बसला उतरवून ठेवलं. लाज वाटते.

लेकीला फोन केला. म्हटलं, "तू येते म्हणालीस ना, ये." ती म्हणाली, "तुला कळलं?" म्हटलं, "पिल्लांमुळे जागा थोडी कमी आहे, पण ये." मग दोघीही फोनवर रडलो. घराचे कागद तिने का विचारले तेही सांगितलं. बाबांना सही करता येतेय तोवर त्यांच्या नावावरची कामं उरकायला हवीत म्हणून. मी अजूनही थोडी साशंक आहे. सवय एका दिवसात जात नाही.

शनिवार, २२ मार्च

चष्मेवालीकडे गेलो. तिने लंगड्याची पट्टी काढून त्याला टेबलावर सोडलं तर ते चक्क चार पावलं चाललं! ती चकित झाली. "पाय छान धरलाय. पाण्यात व्यायाम दिलात का?"

मी मास्तरांकडे पाहिलं. ते बघत होते भिंतीवरच्या घोड्याच्या चित्राकडे. मी तिला बाजूला नेऊन सगळं सांगितलं. खपल्याचंही. ती कामाची आहे, मध्ये मध्ये बोलली नाही. म्हणाली, लंगड्याला पाण्याने फायदाच झाला. खपल्याच्या उघड्या पाठीला गारठा सोसला नाही. आता पिसं येताहेत, कोमट पाण्यात थोडा थोडा वेळ चालेल, पण तुम्ही जवळ हव्यात आणि लगेच वाळवायचं. पैसे आजही घेतले नाहीत. असतात अशी माणसं, असं दिसतंय.

तेव्हा आता रोज दुपारी वर्ग भरणार. पाणी मी बघणार, टॉवेल माझ्याकडे. कधी मी घरची असेन, कधी मॅडम असेन. मॅडम असले की दारापाशी बसेन.

येताना मावशींच्या घरी गेले. उंबऱ्यातच म्हटलं, "चुकलं माझं." त्यांनी मला पुरतं बोलूही दिलं नाही. "काकू, मला तर मागच्या वर्षीच कळलं होतं. काका मला रोज विचारायचे, तुम्ही नवीन का? मी पण म्हणायचे, हो, आजच आले." सोमवारपासून येतील. कोंबड्याही बघितल्या. आमचा भरडा खाऊन गुबगुबीत झाल्यासारख्या अजिबात दिसत नव्हत्या.

गुरुवार, २७ मार्च

आज मास्तरांना माणसांच्या डॉक्टरकडे नेलं. लेक कालच आली, ती पिल्लांपाशी थांबली.

मास्तरांनी इस्त्रीचा शर्ट घातला होता, भांग पाडला होता. डॉक्टर सभ्य होते. आज वार कोणता विचारलं. मास्तर हसून म्हणाले, "निवृत्त माणसाला सगळे वार रविवारच." डॉक्टरही हसले, पण लिहून घेतलं. मग महिना विचारला, साल विचारलं, घड्याळ काढायला लावलं. मास्तरांनी गोल सुरेख काढला. आकडे सगळे एका बाजूला कोंबले आणि पेन हातात धरून बसले. मला बघवेना. डॉक्टरांनी तीन शब्द लक्षात ठेवायला सांगितले होते, ते परत विचारले, तेव्हा मी पुटपुटले, "खुर्ची." मी! जिने सख्ख्या भावाला विनातिकीट धरून दंड लावला होता! डॉक्टरांनी ऐकलं. मास्तर म्हणाले, "खुर्ची," आणि माझ्याकडे बघितलं.

मग तपासण्या लिहून दिल्या आणि आम्हाला बाहेर बसवलं. लांबलचक बाक, समोर औषधाची खिडकी. मास्तर माझ्या शेजारी बसले. आज मला ओळखत होते, अगदी नीट.

"तुला केव्हा कळलं?" त्यांनी विचारलं.

"परवापरवा."

"मला वर्षभर वाटतंय काहीतरी बिघडलंय म्हणून. घरापर्यंत यायचो आणि दार कुठलं ते कळायचं नाही. पण म्हटलं, हिच्या नजरेतून आजवर काही सुटलेलं नाही. बारीकसारीक गोष्टींवर संशय घेते. माझ्यात काही असतं तर हिने पहिल्याच दिवशी धरलं असतं. तू काही बोलली नाहीस. म्हणून म्हटलं, नसेलच काही. तुझ्या भरवशावर होतो मी."

मी त्यांचा हात घेतला. पाण्याने सुरकुतलेला होता, दुपारच्या वर्गाचा. 

"आता धरलंय ना," मी म्हटलं. "आता राहा भरवशावर."

"बरं," ते म्हणाले. औषधाच्या खिडकीकडे बघत बसले. माणसं येत होती, जात होती. थोड्या वेळाने माझ्याकडे वाकून हळूच विचारलं, "आपण इथे कुणासाठी आलोय गं? कुणाला बरं नाहीये?"

"तुम्हाला," मी म्हटलं. आणि पहिल्यापासून सगळं सांगितलं, एकही गोष्ट न लपवता. ते मान डोलवत ऐकत होते.